औषध दिलं म्हणजे काय केलं?

रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला विचारा, औषध कुणी दिलं? तो म्हणेल, ‘डॉक्टरांनी दिलं.’ म्हणजे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. थोड्या वेळानं तोच पिशवी दाखवत म्हणेल, ‘खालच्या मेडिकलवाल्यानं दिलं.’ म्हणजे पैसे घेऊन विकलं. आणि रात्री राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगेल, ‘सिस्टरनी मघाशीच दिलं.’ म्हणजे गोळी हातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि गोळी गिळेपर्यंत सिस्टर तिथे उभ्या राहिल्या. मराठीला इथे कधी अडचण वाटली नाही, कारण घरात औषध देणारी आई एकटीच असते. वैद्याकडून तीच आणते, सहाणेवर तीच उगाळते आणि पोराला मांडीवर आडवं घालून पाजतेही तीच. इंग्रजी मात्र या जागी तीन वेगळी क्रियापदं वापरते. डॉक्टर ‘प्रिस्क्राइब’ करतो, औषधविक्रेता ‘डिस्पेन्स’ करतो, परिचारिका ‘अ‍ॅडमिनिस्टर’ करते. या पुस्तिकेचा विषय हे तिसरं क्रियापद आहे.

पुस्तिका लिहिली आहे ती मराठी माध्यमातून शिकून एएनएम किंवा जीएनएम या परिचर्येच्या अभ्यासक्रमांना आलेल्या मुलामुलींसाठी. त्यांचे रुग्ण मराठी बोलतात, त्यांची पुस्तकं आणि केसपेपर इंग्रजी बोलतात, आणि मधल्या दरीवर पूल बांधायचं काम कुणाकडेच सोपवलेलं नसतं. शाळेत ‘गिव्ह’ शिकलेलं असतं. मग पहिल्याच वर्षी पानोपानी ‘अ‍ॅडमिनिस्टर’ दिसू लागतं आणि मुलांचा समज होतो की हा ‘गिव्ह’चाच कोट-टाय घातलेला अवतार. तसा तो असता तर मी प्रस्तावना लिहायला बसलो नसतो.

आधी आपल्या भाषेचं वैभव पाहू. मराठीत गोळी देतात, पण पातळ औषध पाजतात. मात्रा चाटवतात; ती लागू पडली तर त्यावरून वाक्प्रचारही तयार होतो. बाळगुटी उगाळून घालतात. इंजेक्शन देतात किंवा टोचतात. लस टोचतात, पण पोलिओचा डोस पाजतात. सलाईन लावतात, रक्त चढवतात. डोळ्यांत थेंब घालतात, नाकात सोडतात. मलम लावतात, बाम चोळतात, लेप घालतात. वाफ देतात, शेक देतात, धुरी देतात. ऑक्सिजन लावतात, भूल देतात, एनिमा देतात. फिट आलेल्या माणसाला कांदा आणि चप्पल हुंगवतात, ज्याचा उपयोग शून्य, पण क्रियापद अगदी नेमकं. ‘देणं’, ‘लावणं’, ‘घालणं’ सोडलं तर या यादीतली बहुतेक क्रियापदं नुसती उच्चारली की औषध शरीरात कुठून शिरलं ते कळतं. ‘पाजलं’ म्हटल्यावर ते तोंडावाटे गेलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजी हे सगळं एका ‘अ‍ॅडमिनिस्टर’मध्ये गुंडाळते आणि वाट शेपटाला जोडते: तोंडावाटे, जिभेखाली, शिरेतून, स्नायूत, कातडीखाली, कातडीच्या थरात. म्हणून मराठी मुलीची चूक ठरावीक जागी होते. ‘देणं’ या अर्थाचं क्रियापद तिनं लिहिलं की तिच्या मनात ‘टोचलं’ हे चित्र उभं असतं आणि वाट सांगून झाली असं तिला वाटतं. वाक्य व्याकरणात बसतं, केसपेपरवर छानही दिसतं, पण त्यात औषध कुठून गेलं हे कुठेच नसतं. पुढच्या पाळीतल्या परिचारिकेला तिच्या मनातलं चित्र दिसत नाही.

ही बारीक गोष्ट वाटत असेल तर सहा आठवड्यांच्या बाळाचं लसीकरण आठवा. त्या एका भेटीत त्याच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब पडतात आणि रोटाव्हायरसची लसही तोंडावाटेच जाते. डाव्या मांडीच्या स्नायूत पेंटाव्हॅलंट जाते. आणि उजव्या दंडावर, कातडीच्या थरात, एक दशांश मिलीलीटर इतकीशी आणखी एक पोलिओचीच लस टोचली जाते. रोग एक, लसी दोन, एक पाजायची आणि एक कातडीत द्यायची. इंग्रजी नोंदीत क्रियापद दोन्हीकडे तेच. वाट चुकल्यावर काय होतं याचं सर्वांत क्रूर उदाहरण व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाचं आहे. ते शिरेतून द्यायचं असतं. त्याच दिवशी त्याच रुग्णाला मणक्यातून द्यायचं दुसरं औषध शेजारच्या सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं असतं, आणि अदलाबदल होऊन व्हिन्क्रिस्टिन मणक्यात गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. अनेक देशांत हे घडलं. शेवटी २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सूचना काढली की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या, म्हणजे ते मणक्यात टोचायला कुणी उचलणारच नाही. माणसांना अधिक काळजी घ्या असं बजावून भागलं नव्हतं. औषधाचं भांडंच बदलावं लागलं.

परिचर्येच्या वर्गात पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे त्यात सहावी आली, योग्य नोंद. काही पुस्तकांत ही यादी दहापर्यंत वाढली आहे आणि माझ्या मते तिथे ती निरुपयोगी झाली आहे. रात्री तीन वाजता कुणी दहा गोष्टी आठवत नाही. पण पहिल्या सहांचं मोल असं की ‘अ‍ॅडमिनिस्टर’ या क्रियापदाला लागणारे शब्द तेच आहेत. कुणाला, काय, किती, कुठून, केव्हा आणि कुणाच्या सहीनं. ‘गिव्ह’ एवढं मागत नाही.

आता व्याकरण, थोडक्यात. मराठीचा ‘ला’ हा प्रत्यय दोन कामं करतो. ‘रुग्णाला तपासलं’ यात रुग्ण हे कर्म आहे. ‘रुग्णाला गोळी दिली’ यात गोळी हे कर्म आहे आणि रुग्ण घेणारा आहे. आपल्या कानाला दोन्ही ‘ला’ सारखेच. मग मुलं इंग्रजीतही रुग्णाला थेट क्रियापदाशेजारी बसवतात आणि ‘अ‍ॅडमिनिस्टर्ड द पेशंट’ असं लिहितात. ‘गिव्ह’ हे चालवून घेतं, कारण ‘गिव्ह द पेशंट अ टॅब्लेट’ ही शुद्ध रचना आहे. ‘अ‍ॅडमिनिस्टर’ला ती मोकळीक नाही. त्याचं कर्म औषध. रुग्णाच्या आधी ‘टू’ हवाच. ‘पेशंट वॉज अ‍ॅडमिनिस्टर्ड’ अशी वाक्यं वैद्यकीय नियतकालिकांतही सर्रास छापली जातात हे मला माहीत आहे. ती मोठ्या डॉक्टरांनी लिहिली म्हणून परीक्षेत लिहू नयेत.

‘टू’ लावतानाही एक खड्डा आहे. औषधाचा उल्लेख गाळून नुसतं ‘आजाऱ्यांची सेवा करणं’ या अर्थानं ‘अ‍ॅडमिनिस्टर टू द सिक’ असं लिहिलेलं जुन्या पुस्तकांत सापडतं. आज त्या अर्थासाठी ‘मिनिस्टर टू’ हे क्रियापद बरं समजतात. दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या सेवकाला असलेल्या शब्दात आहे, आणि आपले मंत्रिमहोदयही त्याच मुळातून इंग्रजीत ‘मिनिस्टर’ झाले. मूळ अर्थाची आठवण कुणी कुणाला करून द्यावी हा प्रश्न इथे नको. आपल्याला हवा तो फरक असा: ‘मिनिस्टर टू’मध्ये उशी सारखी करणं, कपाळावर हात ठेवणं, धीर देणं हे सगळं येतं आणि त्याची मोजदाद होत नाही. ‘अ‍ॅडमिनिस्टर’मध्ये मोजून दिलेली वस्तू लागते. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं लोकांनी जे चित्र डोक्यावर घेतलं ते पहिल्या क्रियापदाचं होतं, रात्री दिवा घेऊन फिरणाऱ्या देवदूताचं. बाईंनी स्वतः आयुष्य घालवलं ते नोंदी, तक्ते आणि मृत्यूंचे आकडे यांत. १८५९ साली आलेलं त्यांचं परिचर्येवरचं पुस्तक वाचताना मला सतत जाणवतं की या बाईला देवदूत म्हणवून घेण्यापेक्षा खिडकी कुणी उघडली आणि ती परत कुणी लावून घेतली याची चौकशी करण्यात जास्त रस होता.

कुणी, हा शब्द आला. त्याच्यासाठी मी इथे थोडा जास्त थांबणार आहे.

१९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. तिथे मिळाले ते प्रथमोपचार करून त्याला मोटारीनं पुण्याला आणलं आणि एका शल्यचिकित्सकाच्या खासगी रुग्णालयात दाखल केलं. डॉक्टरांनी मॉर्फियाची दोन इंजेक्शनं एका तासाच्या अंतरानं द्यायला सांगितली. सहायकानं एकच दिलं. नंतर भूल न देता हाड जाग्यावर बसवण्यात आलं, पाय प्लास्टरमध्ये घातला गेला, आणि त्याच रात्री तो तरुण गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. तो खालच्या कोर्टापासून मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल लागला. भुलीशिवाय जोर लावून हाड ओढल्याच्या धक्क्यानं मृत्यू झाला हा निष्कर्ष कायम राहिला. वैद्यकीय निष्काळजीपणाचा खटला भारतात कुठेही चालला तरी हा निकाल आजही निघतो, तो त्यातल्या एका विभागणीमुळे. न्यायालयानं डॉक्टरांची कर्तव्यं वेगळी मांडली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवण्यातली काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवण्यातली काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देण्यातली काळजी. या तिसऱ्या कर्तव्यासाठी निकालात जो इंग्रजी शब्द आहे तो ‘अ‍ॅडमिनिस्टर’चंच नाम आहे.

दोन सांगितली आणि एक दिलं. मराठीत हे दोन्ही ‘औषध दिलं’मध्ये विरघळून गेलं असतं. इंग्रजीत सांगणारं क्रियापद वेगळं असल्यामुळे फट दिसते. म्हणून वर्गात मी सांगतो की ‘अ‍ॅडमिनिस्टर्ड’ हे भूतकाळी रूप आदेशाच्या रकान्यात शोभत नाही आणि औषध ट्रेमध्ये असताना तर मुळीच लिहायचं नाही. आधी सह्या मारून ठेवायच्या आणि मग औषधं वाटत फिरायचं, ही पद्धत कुठे कुठे आहे हे परिचर्येतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाळी संपत आलेली असते, वॉर्ड भरलेला असतो, एका परिचारिकेवर नियमात बसणार नाहीत इतके रुग्ण असतात. कारणं खरी आहेत, आणि ती सह्या मारणाऱ्यांपेक्षा नेमणुका न भरणाऱ्यांना जास्त लागू आहेत. तरी क्रियापद खोटं होतं ते होतंच.

दुसरी कथा त्याहून जुनी, आणि तिचं एक टोक परळला आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी इथे लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस बाटल्यांत भरून देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वातानं मेले, आणि ते सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. दोष परळचा ठरला. हाफकिन यांना पद सोडून लंडनला जावं लागलं. नंतरच्या चौकशीतून बाहेर आलं ते असं की, बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि त्यानं तो आचेवर न धरता नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला होता. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून जाहीरपणे बाजू घेतल्यावर हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या त्या संस्थेला १९२५ साली त्यांचं नाव मिळालं. या प्रकरणात मला चटका लावतो तो मधला काळ. ‘लसीनं माणसं मेली’ हे वाक्य पाच वर्षं टिकलं, कारण लस बनवणं, पाठवणं, उघडणं आणि टोचणं या चार क्रिया एका वाक्यात एकच होऊन बसल्या होत्या.

कायद्याला हे क्रियापद फार पूर्वीपासून प्रिय आहे. जुन्या दंडसंहितेचं ३२८ वं कलम, आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेलं न्यायसंहितेचं १२३ वं, विष किंवा गुंगीचं औषध देऊन अपाय करणाऱ्याबद्दल आहे. रेल्वेत बिस्कीट खायला घालून लुटणाऱ्यांवर हेच लागतं. तिथे ‘अ‍ॅडमिनिस्टर’ करणं आणि माणूस ते घेईल असं घडवून आणणं, असे दोन प्रकार शेजारी शेजारी लिहिले आहेत. चोरानं बिस्कीट भरवलं नाही, फक्त पुडा पुढे केला, म्हणून तो सुटत नाही. शपथही इंग्रजीत ‘अ‍ॅडमिनिस्टर’ होते, परीक्षा होते, चर्चमधले संस्कार होतात, आणि थोड्या विनोदानं मारही होतो. सगळीकडे एकाला अधिकार आहे आणि दुसऱ्यानं घ्यायचं आहे.

अधिकार कुणाला, यावरून आपल्याकडे एक लक्षणीय वाद झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांतल्या, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात जायला तयार नसले, तर या आरोग्यदूत तोंडावाटे एक प्रतिजैविक सुरू करत आणि जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. डॉक्टर नाही, नर्स नाही, गावातलीच बाई, आणि हातात सुई! आक्षेप आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. त्या बायकांच्या कामाचा नीट अभ्यास केला तर दिसतं की त्यांना फक्त सुई टोचायला शिकवलं नव्हतं. कोणती लक्षणं दिसली की द्यायचं, वजनानुसार किती द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि प्रत्येक वेळी काय लिहायचं हे सगळं ठरवून दिलं होतं. वर सांगितलेले सहाही शब्द त्यांच्या वहीत होते. पदवी नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे हे क्रियापद त्यांनी पुरेपूर कमावलं होतं.

रस्त्यावरच्या मदतीला मात्र हा शब्द जपून वापरावा. अपघात झाला, कुणी धावून गेलं, रक्त थांबवायला फडकं दाबून धरलं, १०८ ला फोन लावला. इंग्रजीत याला ‘रेंडर’ किंवा साधं ‘गिव्ह’ म्हणावं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मदतनिसाला संरक्षण देणारं १३४-अ हे कलम आलं, त्यातही ‘रेंडर’च आहे. ‘प्रथमोपचार अ‍ॅडमिनिस्टर केले’ हेही शुद्ध आहे, पण त्यातून शिकलेल्या हाताचा वास येतो. अर्थात आपली सर्वांत आवडती मदत म्हणजे शुद्ध हरपलेल्या माणसाला पाणी पाजणं. ‘पाजणं’ या शब्दातली माया इथे घात करते. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवावं आणि तोंडात काहीही घालू नये. या पुस्तिकेत प्रथमोपचाराचं प्रकरण छोटं आहे ते मुद्दाम, कारण तिथे बहुतेक वेळा न देणं हेच शिकायचं असतं.

स्वतःच स्वतःला देणं हा आणखी एक प्रकार. त्यासाठी इंग्रजी ‘सेल्फ’ जोडून घेते. इन्सुलिन घेणाऱ्या लाखो लोकांचं रोजचं क्रियापद हेच आहे, आणि तिथे परिचारिकेचं काम देणं नसून शिकवणं असतं. आपल्याकडे एक विशेष धोका आहे. बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलीलीटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन जातींच्या, लाल टोपणाची चाळीसची आणि केशरी टोपणाची शंभरची. शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं ओढलं तर अडीचपट जातं आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. ‘वीस घ्या’ असं सांगून घरी पाठवलेल्या आजोबांना वीस रेघा कळतात, युनिट नाही. त्यांना टोपणाचा रंग दाखवून पाठवावं.

उलट दिशेच्या भाषांतराबद्दल एक तक्रार नोंदवायची आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या माहितीपत्रकांत आता ‘औषध प्रशासित करावे’ असं वाचायला मिळतं. शब्दकोशात इंग्रजी शब्दासमोर पहिला अर्थ राज्यकारभाराचा असतो, यंत्र तो उचलतं. गंमत अशी की महाराष्ट्रात ‘अन्न व औषध प्रशासन’ नावाचं सरकारी खातंच आहे. त्याचं काम भेसळ आणि परवाने पाहणं. म्हणजे औषध प्रशासित झालं असं वाचून एखाद्यानं दुकानावर धाड पडली असा अर्थ लावला तर त्याला दोष देता येणार नाही. दुसरी खोड सरकारी पत्रकांची: ‘लस देण्यात आली’, ‘मात्रा पाजण्यात आली’. इंग्रजी कर्मणी रचनेची ही सावली. इंग्रजी तक्त्यात ‘वॉज अ‍ॅडमिनिस्टर्ड’ खपून जातं कारण शेजारच्या रकान्यात वेळ आणि सही असते. मराठी वृत्तात रकाना नसतो, आणि देणारा गायब होतो. रुग्णाशी बोलताना तर ही भाषा घरात चप्पल घालून फिरण्यासारखी आहे. त्यांना सांगावं, ‘आजोबा, आता हे दंडात टोचते, जरा दुखेल.’ आणि मग टेबलाशी येऊन इंग्रजीत लिहावं.

पुस्तिकेची प्रकरणं ज्या क्रमानं लावली आहेत त्याच क्रमानं वाचायला हवीत असं नाही. आधी मराठी क्रियापदांवरून इंग्रजी वाट ओळखण्याचे सराव आहेत, मग संक्षेपांचे. ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तर, संकटाची हाक नव्हे, हे पहिल्या आठवड्यातच कळलेलं बरं. दशांशाचं टिंब आणि शून्य यांना वेगळं पान दिलं आहे, कारण १.० मधलं टिंब पुसट झालं की दहा होतात.

शेवटचं प्रकरण न दिलेल्या औषधाचं आहे आणि शिकवताना तेच सर्वांत अवघड जातं. तक्त्यातला रकाना मोकळा दिसला तर पुढची परिचारिका दोन गोष्टी समजू शकते: दिलं नाही, किंवा दिलं पण लिहायचं राहिलं. पहिलं समजून तिनं पुन्हा दिलं तर दुप्पट होतं. म्हणून न देण्याचीही नोंद लागते, आणि इंग्रजी तिथे पुन्हा वेगवेगळे शब्द मागते. रुग्णानं नको म्हटलं तर ‘रिफ्यूज्ड’. नाडी फार मंद लागली म्हणून डॉक्टरांना विचारून थांबवलं तर ‘विथहेल्ड’. विसरून गेलं तर ‘ओमिटेड’. मराठीत यांना ‘घेतलं नाही’, ‘दिलं नाही’ आणि ‘राहून गेलं’ म्हणता येईल. पहिल्यात रुग्ण आहे, दुसऱ्यात आपण आहोत, तिसऱ्यात कुणीच नाही, आणि सरावाच्या तक्त्यात मुलं सर्वांत जास्त वेळा तेच लिहितात. त्या तक्त्यात म्हणून एक रकाना वाढवला आहे. ‘राहून गेलं’ लिहिणाऱ्यानं त्यापुढे कुणाला कळवलं त्याचं नाव आणि कळवल्याची वेळ भरायची आहे.